स्थानिकांना आरक्षण : उद्योग संघटनांचा आक्षेप नेमका कशाला?

प्रश्न : खासगी नोकऱ्यांतील स्थानिक आरक्षणाला उद्योजक विरोध का करतात?

उत्तर : कर्नाटक मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये मंजूर केलेल्या विधेयकात व्यवस्थापकीय पदांपैकी ५० टक्के आणि इतर पदांपैकी ७० टक्के जागा स्थानिकांसाठी होत्या. ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात जन्मलेला, १५ वर्षे राहिलेला आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणारा; दहावीला कन्नड नसल्यास भाषेची परीक्षा. कुशल माणसे मिळाली नाहीत तर कंपन्यांना राज्य सोडावे लागेल, असा इशारा माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या ‘नॅसकॉम’ या संघटनेने दिला. काही दिवसांतच विधेयक थांबवण्यात आले.

हरियाणात असा कायदा प्रत्यक्ष लागू झाला होता. महिना ३० हजारांपर्यंतच्या पगाराच्या ७५ टक्के नोकऱ्या त्याने राखून ठेवल्या. औद्योगिक संघटना न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

संघटनांचा कौशल्याचा मुद्दा संगणक अभियंत्यांच्या बाबतीत पटतो. फाटकावरच्या रखवालदाराच्या किंवा मदतनिसाच्या नोकरीला तो लागू पडत नाही. कारखान्यासाठी जमीन गेलेल्या गावातल्या तरुणाची तिथे नोकरी मिळत नसल्याची तक्रार खरीच आहे. कर्नाटकच्या विधेयकात पात्र स्थानिक उमेदवार नसल्यास तीन वर्षांत स्थानिकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद होती. तिच्यावर मात्र फारच थोडी चर्चा झाली.