सरूचें लांकूड

शलमोनानें मंदिर बांधलें तेव्हां सोरचा राजा हीराम यानें त्याला दोन जातींचें लांकूड दिलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. एक गंधसरू, दुसऱ्यास इब्री भाषेंत बरोश म्हणतात. मंदिराची जमीन व दारें ह्या दुसऱ्या लांकडाचीं होतीं (१ राजे ६:१५, ३४). बरोश म्हणजे सरूच, असें कित्येक विद्वान् म्हणतात. कित्येक दुसरें झाड सांगतात. तो वाद आम्ही येथें घेत नाहीं. परंतु सरू ह्या नांवानें जें लांकूड अमेरिकेंत घरें बांधण्यास लागलें, त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे; कारण केवळ नांवावर विसंबून लांकूड घेणारा कसा फसतो तें तींत दिसतें.

नांवाचा घोटाळा आमच्याकडेही आहे. कोंकणांत समुद्रकांठीं जो सुरू लावितात त्याचें व सरूचें कांहीं नातें नाहीं. बागेंतला उंच, निमुळता सरू तो खरा. अमेरिकेंतलें झाड त्याच कुळांतलें, पण निराळ्या जातीचें. तें लुइझियाना, फ्लोरिडा वगैरे प्रांतांच्या दलदलींत उभें असतें. हिवाळ्यांत त्याचीं पानें झडतात, म्हणून तेथील लोक त्यास 'टकला सरू' म्हणतात! नॉर्थ कॅरोलायना प्रांतांत ब्लॅक नदीच्या दलदलींतील अशा एका झाडाचें वय निदान २,६२४ वर्षें असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे भविष्यवादी यिर्मया यहूदांत बोलत होता तेव्हां तें झाड उगवलेलें होतें.

अशा सावकाश वाढलेल्या झाडाच्या गाभ्यांत एक तेलकट द्रव्य सांठतें. त्यामुळें ओल लागली तरी गाभा लवकर कुजत नाहीं, व वाळवीही त्यास सहसा लागत नाहीं. हें लांकूड सागाहून हलकें व मऊ असतें. राळ नसल्यामुळें रंग चांगला धरतें. वाळतांना फारसें आकसत नाहीं. म्हणून छपराच्या पट्ट्या, बाहेरच्या भिंतींच्या फळ्या, खिडक्यांच्या चौकटी व होड्या त्याच्या करीत. न्यू ऑर्लिन्स शहरांत पावसाचें पाणी सांठविण्याच्या टाक्याही घरोघर ह्याच लांकडाच्या असत. १९०५ सालीं तेथें पीतज्वराची सांथ आली, तेव्हां डांसांसाठीं त्या टाक्यांवर जाळ्या बसवाव्या लागल्या. लांकडाचा त्यांत दोष नव्हता. त्याच शहरांत उर्सुलिन मठवासिनींची पहिली इमारत उघड्या लांकडी सांगाड्याची होती. दमट हवेनें ती थोड्याच वर्षांत मोडकळीस आली. तींतला सरूचा जिना मात्र नव्या इमारतींत नेऊन बसविला. ती इमारत १७५३ च्या सुमारास पुरी झाली, व जिना तेथें अजून आहे. छपराखालीं राहिलेल्या लांकडाचें आयुष्य असें वाढतें.

ओलें असतां ह्याचा ओंडका पाण्यांत बुडतो. म्हणून लांकूडतोडे बुंध्याभोंवतीं खोल खांच पाडून झाड उभेंच वाळूं देत, मग पाडून पुराच्या पाण्यावरून कारखान्याकडे नेत. १८९० च्या सुमारास वाफेच्या यंत्रांनीं ओंडके ओढण्यास आरंभ झाला, आणि सुमारें चाळीस वर्षांत जुनें रान बहुतेक संपलें. व्यापारी ह्या मालाची 'अक्षय लांकूड' अशी जाहिरात करीत. लांकूड अक्षय असेल; रान तसें नव्हतें.

आतां त्याच नांवानें जें विकतें तें बहुधा कोंवळ्या झाडांचें. त्यांत बाहेरचें फिकट लांकूड फार व गाभा थोडा. आणि तो गाभाही जुन्याइतका टिकत नाहीं, मध्यमच ठरतो, असें अमेरिकन सरकारच्या वनखात्याच्या प्रयोगशाळेनें नमूद केलें आहे. फिकट भाग तर ओलींत कुजतोच. पूर्वीं वाहून नेतांना बुडालेले ओंडके आतां चिखलांतून वर काढतात, व त्यांच्या फळ्यांस मोठी किंमत येते.

आमच्याकडे सागाची गोष्ट निराळी नाहीं. प्रार्थनामंदिराची चौकट करवितांना 'साग आहे' एवढ्यावर न थांबतां लांकडाचें कापलेलें टोक पाहावें. कडेचा पांढुरका भाग वाळवी प्रथम खाते. सुताराकडून तो तासवून घ्यावा, आणि चौकटीचे पाय मातींत न पुरतां दगडावर बसवावे.