करी हाउसला जाण्याआधी

चि. बंडू यास,


शनिवारी वर्गातल्या मित्राबरोबर कोपऱ्यावरच्या 'इंडियन'मध्ये जेवायला जाणार असल्याचं कळवलंस, आणि लगेच 'तिथलं काही खरं नसतं गं आत्या' अशी पुस्तीही जोडलीस. जेवायला खुशाल जा. पुस्ती मात्र शेफील्डच्या खोलीवरच ठेवून जा.

पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ब्रिटनमधली अशी बहुतेक हॉटेलं बांगलादेशातल्या, त्यातही सिल्हेटकडच्या लोकांनी उभी केली. तिकडची माणसं कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींवर बॉयलरपाशी कोळसा ओढायची. काहीजण लंडनला उतरले ते परत बोटीवर चढलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांतल्या काहींनी बॉम्बहल्ल्यांत मोडकळीला आलेले कॅफे स्वस्तात घेतले, तळलेले मासे आणि बटाटे विकता विकता शेजारी भात-करी शिजवायला लागले, आणि पब बंद झाल्यावरही दार उघडं ठेवलं. रात्री भुकेल्या पोटी पबमधून बाहेर पडणाऱ्या गोऱ्या गिऱ्हाइकानंच हा धंदा जगवला. तो सोपा कधीच नव्हता. १८१० साली पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं आणि हुक्क्याचं हॉटेल काढलं होतं, १८१२ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं.

तेव्हा बसल्या बसल्या वेटरशी हिंदी सुरू करू नकोस. त्याच्या घरी सिल्हेटी बोलत असतील आणि तो स्वतः कदाचित तुझ्या मित्राच्याच शाळेत शिकलेला असेल.

आता चवीचं. तिथे दुपारीच मोठ्या पातेल्यात ढीगभर कांदा, आलं, लसूण शिजवून, वाटून पातळ रस्सा तयार ठेवतात. ऑर्डर आली की पळ्या-दोन पळ्या रस्सा तव्यात घेऊन, मसाला आणि शिजवलेलं मांस घालून मोठ्या आचेवर पाच-दहा मिनिटांत पदार्थ उतरवतात. म्हणून सगळ्या करींमध्ये एक सारखेपणा जाणवतो, तुझी तक्रार बहुधा तीच आहे. कुर्मा म्हणजे क्रीम-नारळाचा, गोडसर. मद्रास तिखट, विंदालू त्याहून तिखट. गोव्यातल्या ख्रिस्ती घरचं, व्हिनेगर-लसणात मुरवलेलं डुकराचं विंदालू तिथे शोधायला जाऊ नकोस. तिथे ती तिखटाची एक पायरी आहे, आणि मांस बहुधा कोंबडीचं किंवा मेंढीचं. धनसाकसुद्धा मिळेल, कधी कधी अननसाचे तुकडे घालून! दादरच्या पारशी कॉलनीत हे सांगू नकोस म्हणजे झालं.

पण म्हणून ते खोटं का? मुंबईत गाडीवरची चायनीज भेळ तू बोटं चाटत खायचास, तेव्हा कुणी तुझ्याकडे बीजिंगचा दाखला मागितला नव्हता. गिऱ्हाईक, हाताशी असलेलं सामान आणि कमी माणसांत चालवायचं स्वयंपाकघर, यांतून तयार झालेला हा वेगळा स्वयंपाक आहे आणि तो आता पुरता ब्रिटिश आहे. २००१ साली त्यांचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनची राष्ट्रीय डिश म्हटलं, ते उगाच नव्हे. तुझा मित्र लहानपणापासून आईवडिलांबरोबर तिथे जात असणार. पापड मोडून आंब्याच्या गोड चटणीत कसा बुडवायचा, कुठल्या करीबरोबर कुठला नान, हे त्याला तुझ्याहून चांगलं ठाऊक आहे. त्या टेबलावर पाहुणा तू आहेस. त्यालाच मागवू दे. 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य त्यानं विचारलं तरच काढ, आणि एकदाच. तिखट खाऊन त्याची परीक्षाही घेऊ नकोस, नि त्यानं मागवलेलं विंदालू 'मला काय त्याचं' म्हणून स्वतः ओरपूही नकोस. तुझं पित्त मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. मित्राला शेंगदाणे किंवा काजू-बदाम सोसतात का, हे आधीच विचार आणि नसतील तर वेटरला स्पष्ट सांग. कुर्म्यात, टिक्का मसाल्यात बदामाची पूड असू शकते. २०१६ साली तिकडच्याच एका हॉटेलमालकाला सहा वर्षांची कैद झाली. त्यानं पैसे वाचवायला बदामाऐवजी शेंगदाण्याची पूड वापरली होती आणि एक गिऱ्हाईक दगावलं. अशा ॲलर्जी होऊ शकणाऱ्या चौदा पदार्थांची माहिती देणं तिथल्या कायद्यानं हॉटेलवर बंधनकारक आहे, त्यामुळे विचारताना संकोच नको.

बिल आलं की आपल्यासारखी ओढाताण मांडू नकोस, निम्मं निम्मं करा. पापडाचे पैसे लावले म्हणून कपाळाला आठ्या नकोत, तिथे बहुतेक ठिकाणी लावतातच. सर्व्हिस चार्ज धरलेला नसेल तर दहा टक्के टिप ठेव. ऑक्टोबर २०२४ पासून टिप कामगारांपर्यंत पोचवणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. आणि नान गार आला तर घरी येऊन मला फोनवर सांगण्यापेक्षा तिथल्या तिथे वेटरला सांग, तो बदलून देईल.

तुझी,
आत्या