डबीची मागची बाजू
(चेहऱ्याच्या क्रीममधील घटकांचा तौलनिक अभ्यास)
— द्वितीय वर्ष, कला

आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या बहुतेक मुलींच्या पिशवीत क्रीमची एखादी डबी अगर ट्यूब असतेच. तिची पुढची बाजू आपण सर्वजणी वाचतो. मागच्या बाजूवर बारीक अक्षरांत घटकांची यादी छापलेली असते, तिकडे मात्र कोणी बघत नाही. बघितले तरी ती इंग्रजीत, आणि त्यातही रसायनशास्त्राच्या इंग्रजीत! मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनाशी माझा संबंध दहावीला संपला. आमच्या घरात ते कुणाला विचारावे असेही कोणी नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात वसतिगृहातील मैत्रिणींच्या डब्या गोळा करून त्यांच्या याद्या मी वहीत उतरवून घेतल्या व ग्रंथालयात बसून एकेका शब्दाचा अर्थ लावला. तेव्हा असे दिसून आले की, नावे वीस-पंचवीस असली तरी कामे चार-पाचच आहेत.

ती समजण्यासाठी आधी त्वचेची रचना पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. भिंतीत विटा रचाव्यात तशा या पेशी रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटींत चुन्यासारखे स्निग्ध द्रव्य भरलेले असते. वारंवार साबण लावल्याने किंवा कोरड्या थंडीने हा चुना कमी झाला की आतले पाणी उडून जाते व कातडी उलते. निफाडकडची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना हे अधिक सांगायला नको.

यावर उपाय दोन प्रकारचे. एक, पाणी धरून ठेवणारे पदार्थ. ग्लिसरीन हे त्यांतले सर्वांत जुने आणि स्वस्त. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक यादीत, महागातल्या महाग डबीतसुद्धा, पाण्याच्या खालोखाल तेच होते. पण हवा फार कोरडी असेल तर नुसते ग्लिसरीन त्वचेच्या आतलेच पाणी वर ओढते, म्हणून आपल्याकडे ते गुलाबपाण्यात मिसळून लावण्याची पद्धत आहे ती बरोबरच आहे. दुसरा उपाय म्हणजे झाकण. व्हॅसलीन त्वचेत मुळीच मुरत नाही, ते वर बसून पाण्याची वाट अडवते. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. दीडशे वर्षे झाली, तरी पाणी अडवण्यात त्याच्यापेक्षा सरस पदार्थ क्वचितच सापडेल. मात्र ते ओलसर त्वचेवर लावले पाहिजे. कोरड्या घड्यावर झाकण ठेवून काय उपयोग?

माझी आई द्राक्षबागेत कामाला जाते. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांच्या डोळ्यांना जी पेस्ट लावतात तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असते व त्याने हाताची आग होते. तिथे कोणतेही क्रीम कामाचे नाही, रबरी हातमोजेच हवेत. परंतु एरवीच्या भेगांसाठी रात्री हात धुऊन, ते ओले असतानाच व्हॅसलीन चोळण्याचा उपाय मी तिला सांगितला आहे. चेहऱ्याच्या महागड्या क्रीममध्येही या कामासाठी याहून वेगळे काही नसते.

आजीच्या पिढीत क्रीमला ‘स्नो’ म्हणत. मुंबईचे ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. हे ‘व्हॅनिशिंग क्रीम’, म्हणजे लावताच दिसेनासे होणारे. त्याचे रहस्य सोपे आहे. स्टिअरिक आम्लात थोडा क्षार घातला की त्यातल्या काही भागाचा साबण होतो, आणि त्या साबणामुळे उरलेले आम्ल पाण्यात एकजीव होते. लावल्यावर पाणी उडून जाते आणि पातळ थर उरतो. तेलकट त्वचेला हे चांगले. कोल्ड क्रीममध्ये उलट तेल व मेण जास्त असते. त्याची मूळ कृती दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याच्या नावावर सांगतात. आपल्याकडचे शतधौत घृत हे त्याचेच भावंड म्हणावे लागेल. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा धुतले की त्यात पाणी मिसळून पांढरे, मऊ मलम तयार होते.

आता हळद. विको टर्मरिक हे क्रीम १९७५ चे. हळदीचा अर्क १६ टक्के, चंदनाचे तेल आणि व्हॅनिशिंग क्रीमचा पाया अशी त्याची बांधणी. हे प्रसाधन की औषध, यावर अबकारी खात्याशी कित्येक वर्षे वाद चालला, कारण प्रसाधनावर कर जास्त. अखेर २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते आयुर्वेदिक औषध असल्याचे मान्य केले. एकाच डबीला दोन नावे आणि दोन कर, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटली. हळदीतले कर्क्युमिन सूज कमी करणारे आहे खरे, परंतु ते पाण्यात विरघळत नाही आणि त्वचेत फार खोल जात नाही. तेव्हा घरी पाण्यात कालवलेल्या हळदीने मुख्यतः टॉवेल पिवळा होतो.

घरगुती ते निर्धोक, ही समजूतही तपासून घ्यावी. दह्यातले लॅक्टिक आम्ल आणि आपल्या द्राक्षांतले टार्टारिक आम्ल एकाच घराण्यातली. ती मृत पेशी सैल करतात. क्रीममध्ये त्यांचे प्रमाण मोजून ठेवलेले असते, वाटीत नसते. लिंबू मात्र चेहऱ्याला लावूच नये. एक तर ते अतिशय आम्ल, शिवाय लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात.

गोरेपणाच्या क्रीमचा विषय यायचाच. फेअर अँड लव्हली १९७५ साली आले, २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ गेले. अशा क्रीममध्ये बहुधा नायासिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार असतो. त्वचेतील रंग बनवणाऱ्या पेशींकडून रंगाचे कण वरच्या पेशींकडे जातात, ती वाहतूक ते थोडी मंदावते. त्यामुळे काही आठवड्यांनी डाग फिके होतात. जन्माचा रंग बदलत नाही. तो बदलावा कशाला, हाही प्रश्न आहेच. काळ्या कातडीतील मेलॅनिन उन्हापासून जे रक्षण करते ते गोऱ्या कातडीला विकत घ्यावे लागते.

यादी वाचताना एक युक्ती उपयोगी पडते. प्रसाधनांच्या नियमांप्रमाणे (हे नियम २०२० चे) घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमाने. क्रीम टिकावे म्हणून घालतात त्या फिनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे येईल ते एक टक्क्याच्या आतलेच. पुढच्या बाजूवर केशराचे एवढे मोठे चित्र, आणि मागे केशर फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली! हे मी एका डबीवर नव्हे, चार डब्यांवर पाहिले.

येथवरची तुलना पैशांची झाली. खरा धोका आहे तो ज्या डबीला मागची बाजूच नाही तिच्यात. आमच्या नात्यातील एका मुलीला पाहुणे बघायला येणार होते. कुणीतरी तिला एक मलम आणून दिले. महिन्यात चेहरा उजळला, लग्नही जमले. मलम बंद करताच तोंड लालबुंद होऊन आग होऊ लागली, पुरळ आले. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, त्यात स्टेरॉइड होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे पाठ करून ठेवावीत. ही औषधे वाईट नाहीत, त्यांनी पुष्कळ रोग बरे होतात. पण गोरेपणासाठी रोज लावली की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे.

पाऱ्याची गोष्ट याहून भयंकर. पारा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून कातडी लवकर उजळते. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे खराब करतो. आपल्या नियमांत क्रीममध्ये पारा घालण्यास बंदी आहे. नकळत आला तरी दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. असे असूनही २०२३ साली अकोल्यातील एका घरात आई व दोन मुली, अशा तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याचे उघडकीस आले. तिघी एकच क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्यांतली एक मुलगी जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी होती.

तेव्हा मैत्रिणींनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या फळीवरच्या डब्या एकदा उलट्या करून पाहा. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी, या तीनपैकी एकही नसेल तर ती डबी वापरू नका, पण फेकूनही देऊ नका. तशीच बंद करून अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत द्या. नाशिकला हे कार्यालय आहे. आणि ती डबी वापरणाऱ्या बाईच्या पायांवर सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर तिला आधी सरकारी दवाखान्यात नेऊन लघवीची तपासणी करून घ्या. जाताना डबी बरोबर न्यायला विसरू नका.