उथळ पाण्याची शिस्त

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातील सोनाळ्यासारख्या गावी जो लहानाचा मोठा झाला, त्याचा समुद्राशी संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरताच राहावयाचा, असे सामान्यतः मानले जाते. वान पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला, एवढे आमच्याकडे शाळेतच पाठ होते. परंतु समुद्रकाठच्या उथळ पाण्यात उभे राहून मासे धरण्याची विद्या शिकावी, असा योग आमच्याकडील फार थोड्यांच्या वाट्याला येतो. तो माझ्या वाट्याला आला मालवण तालुक्यात, गड नदी जेथे समुद्रास मिळते त्या कालावलच्या खाडीत, आणि तोही एका अनुभवी वाटाड्याच्या हाताखाली. आमच्या मुलखातील तरुण मंडळी अलीकडे मोठ्या हौसेने कोकणात जाऊ लागली आहेत. सबब त्या शिक्षणातून जे पदरात पडले आणि त्या पाण्यात डोळ्यांदेखत जे घडले, ते त्यांच्या उपयोगासाठी येथे नमूद करीत आहे.

नदीकाठच्या माणसाचे पाण्याविषयीचे सारे ज्ञान खोलीच्या हिशेबावर उभे असते. कोणता डोह माणसाला गिळणारा आणि कोणता उतार गुरांनाही ओलांडता येणारा, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. पूर यावयाचा तो सातपुड्यात पाऊस कोसळल्यावर यावयाचा. एरव्ही पाणी गुडघ्याएवढे असले की जिवास धोका नाही, असा निवाडा आम्ही करून टाकतो. खाडीत हा निवाडा चालत नाही, कारण तेथे खोली ही स्थिर वस्तूच नव्हे. ज्या जागी या घटकेला पाऊल भिजत नाही त्याच जागी दोन-तीन तासांनी माणूस कमरेपर्यंत बुडतो, आणि तेही निरभ्र आकाशाखाली, पावसाचा थेंब न पडता. म्हणून खाडीत उतरणाऱ्याने पाणी किती आहे हे विचारण्यापूर्वी वेळ कोणती आहे हे विचारावे. माझ्या सगळ्या शिक्षणाचे सार या एका वाक्यात आहे.

ही वेळ ओळखण्याचा कोकणातील परंपरागत हिशेब फार सोपा आहे. पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, अष्टमीस सहाच्या सुमारास, आणि तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीची पाऊणपट म्हणजे याच सरकण्याचे गणित होय. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. ठिकाणागणिक त्यात फरक पडतो आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी जे भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो त्यांच्याशी तो ताडून पाहावा, आणि शेवटचा शब्द स्थानिक माणसाचा मानावा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येऊन पाणी पुष्कळ चढते व तितकेच उतरते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ परस्परांशी काटकोनात येते आणि चढउतार कमी होतो, तो भांग. नवख्या माणसाला उधाणाची ओहोटी भुरळ घालते, कारण त्या वेळी एरव्ही पाण्याखाली असणारे वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. परंतु त्याच हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेची पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, आणि संध्याकाळच्या ओहोटीस जो आत गेला त्याच्या परतीच्या वाटेवर पाणी आणि काळोख एकाच वेळी चढू लागतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमीपासून दशमीपर्यंत, ओहोटी भर दुपारच्या आगेमागे येते, चढ सौम्य असतो आणि उजेड भरपूर. शिकणाऱ्याने हेच दिवस निवडावेत. मासा थोडा कमी मिळाला तरी हरकत नाही.

माझे वाटाडे वयाने वडीलधारे होते आणि सारा गाव त्यांना तात्या म्हणत असे, म्हणून मीही तात्याच म्हणू लागलो. पाण्यात उतरण्याआधी त्यांनी कडेला एक काठी रोवली आणि पाण्याच्या रेषेवर नखाने खूण केली. मग त्यांनी मला दिलेली आज्ञा एवढीच होती, ‘पाय उचलू नकात, ओढीत चला.’ उथळ पाण्यातील वाळूत पाकट नावाचा चपटा मासा अंग पुरून पडलेला असतो, आणि त्याच्या शेपटीवर करवतीसारखा दातेरी, विषारी काटा असतो. तो आपण होऊन अंगावर येत नाही; अंगावर पाऊल पडले तरच शेपटी फिरवतो. पाय तळाशी घासत नेला म्हणजे वाळूतून जाणारी हालचाल त्याला आधी कळते आणि तो निघून जातो. पाणी नितळ असता अशी एक तबकडी वाळूतून उठून, मागे धुरळा सोडीत, हातभर अंतरावरून निघून गेलेली मी पाहिली, तेव्हा त्या आज्ञेचा अर्थ माझ्या पोटऱ्यांनाच समजला.

पाग फेकणे ही त्या शिक्षणाची दुसरी पायरी. गोल जाळ्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, मध्याची दोरी डाव्या मनगटाला असते, जाळ्याचा काही भाग कोपरावर घ्यावयाचा, काही उजव्या हातात धरावयाचा, आणि कंबरेतून वळून ते असे सोडावयाचे की पाण्यावर पडताना ते पूर्ण उलगडलेले असावे. तात्यांचा पाग पडताना पाण्यावर एकच, सलग आवाज होई. माझा अनेक तुकड्यांत पडे. सूर्य समोर ठेवून उभे राहावे, म्हणजे आपली सावली माशांवर पडत नाही. बोय हा मासा थव्याने, काठालगत, पाण्याचा पृष्ठभाग किंचित सुरकुतवीत येतो, ती सुरकुती दिसल्यावर तिच्या पुढे जाळे टाकावे. मुडदुशी मात्र स्वच्छ वाळूच्या तळाशी असते. मनगटावरील दोरीची गाठ सरकती असावी, कारण कालवांच्या शिंपल्यांनी वेढलेल्या खडकात जाळे अडकले आणि पाणी चढत असले, तर जाळे सोडून देता आले पाहिजे. शेंगटी जाळ्यात आली तर तिच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या काट्यांना उघड्या हाताने शिवू नये. तेही विषारी असतात.

आता मुख्य प्रसंग सांगतो. आम्ही खाडीच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर होतो, बोयीचे थवे नुकतेच येऊ लागले होते, आणि नेमक्या त्याच वेळी तात्यांनी आपला पाग पिळून खांद्यावर टाकला आणि ते म्हणाले, ‘पाणी फिराक लागला, आता पाठी.’ मला काहीही फिरलेले दिसत नव्हते. त्यांनी बोटाने दाखविले ते तिवराचे एक पिवळे पान, जे इतका वेळ समुद्राकडे वाहत होते, ते आता जागच्या जागी थबकले होते, आणि पाहता पाहता ते खाडीच्या आतल्या बाजूस सरकू लागले. आम्ही निघालो. पट्टा आणि काठ यांच्यामध्ये एक चर होती, येताना ती घोट्याएवढ्या पाण्याने भरलेली होती. जाताना तिने मांडीपर्यंत भिजविले, आणि पाण्याला ओढही होती. मागे वाळूचा पट्टा अजून कोरडाच दिसत होता, आणि त्यावर वाटाड्याशिवाय आलेली एक पर्यटक मंडळी निश्चिंतपणे छायाचित्रे काढीत उभी होती. तात्यांनी हाका मारल्या, त्यांनी हात हलवून उत्तर दिले. तासाभरात त्यांना होडी पाठवून काढावे लागले, आणि त्यातील दोन लहान मुले भीतीने रडत होती.

यातील कार्यकारणभाव नीट समजून घ्यावा. भरतीचे पाणी समोरून येईल अशी माणसाची कल्पना असते, परंतु ते आधी सखल जागा भरते, आणि सखल जागा पुष्कळदा आपल्या पाठीमागे असते. त्यामुळे उंच वाळूवर उभा असलेला माणूस कोरडा असतानाच वेढला जातो. शिवाय पाणी सारख्या गतीने चढत नाही. चढाच्या सहा तासांचा हिशेब बारा हिश्शांत केला, तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत प्रत्येकी तीन, मग दोन आणि शेवटी एक, असे पाणी येते. पहिल्या तासाचा हा मंदपणाच घातक ठरतो, कारण जो त्यावर विश्वासून थांबतो तो मधल्या दोन तासांच्या लोंढ्यात सापडतो. खाड्यांमध्ये वाळूउपशामुळे पडलेल्या खड्ड्यांचीही यात भर पडते; कालच्या उथळ जागी आज पुरुषभर खोली असू शकते, आणि तिची खबर रोज त्या पाण्यात वावरणाऱ्याखेरीज कोणाला नसते.

दुसरा प्रसंग माझ्याबरोबर आलेल्या खामगावकडील एका स्नेह्यांचा. जाळ्यात तांबोशी आल्याचे पाहून ते आनंदाने धावले, पाऊल उचलले गेले, आणि पाकटीचा काटा घोट्यात बसला. वेदना इतकी तीव्र होती की तो धिप्पाड गृहस्थ लहान मुलासारखा कळवळू लागला. तात्यांनी त्यांना आधार देऊन काठावर आणले, जखम धुतली, जवळच्या घरातून गरम पाणी मागविले, आणि दुसऱ्या पायाने ते सोसवते की नाही हे आधी तपासून त्यात जखमी पाय बुडविला. हा उपचार वैद्यकशास्त्रासही मान्य आहे. सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या, म्हणजे सोसवेल इतक्याच गरम पाण्यात अर्धा ते दीड तास पाय ठेवल्याने त्या विषाची वेदना बरीच शमते. परंतु तेवढ्यावर थांबू नये. काट्याचे तुकडे आत राहून जखम चिघळते, म्हणून डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी. छाती, पोट किंवा मान यांत काटा रुतला असल्यास तो न उपसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी तयारी कोणती करावी, तेही सांगतो. गमबूट घालू नयेत, त्यांत पाणी भरले की पाय उचलत नाही. घट्ट नाडीचे कापडी बूट घालावेत, कारण कालवांच्या कडा पाय चिरतात. हातात लांब काठी असावी आणि अनोळखी जागी आधी ती टेकावी. पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट अंगात असावे. जून-जुलैत राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. पावसाळ्यात खाडीत उतरण्याचा विचार हौशी माणसानेही करू नये.

वाटाड्या निवडताना तो त्याच खाडीच्या काठचा आहे ना, एवढे अवश्य पाहावे. शेजारच्या खाडीचा तरबेज माणूसही येथे नवखाच असतो. मेहनताना आधी ठरवावा, आणि मासे मिळाले नाहीत म्हणून तो कमी करू नये, कारण आपण त्याच्या ज्ञानाचे पैसे देतो. ओहोटीला तिसऱ्या नावाचे शिंपले आणि कालवं काढणाऱ्या बायकांची त्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते. त्यांचा तो उदरनिर्वाह आहे आणि आपली ती हौस आहे, म्हणून त्यांच्या जागेत विचारल्याखेरीज पाऊल टाकू नये. अंडी धरलेली कुर्ली आणि बोटभर मासे परत सोडावेत. तिवरांच्या मुळांवर चढू नये. त्याच मुळांत माशांची पिल्ले वाढतात, आणि कांदळवनांच्या रक्षणासाठी शासनाने २०१२ साली स्वतंत्र कक्ष स्थापला तो विनाकारण नव्हे.

आणि एक तजवीज मी प्रत्येकाने करावी असे कळकळीने सांगेन. पहिल्या दिवशी पाण्यात उतरूच नये. वाटाड्याला सोबत घेऊन काठावर बसावे आणि एक संपूर्ण ओहोटी आणि तिच्या मागून येणारी भरती, आरंभापासून अखेरपर्यंत, त्याच्या तोंडून समजून घेत पाहावी: कोणती चर आधी भरते, कोणता पट्टा शेवटी बुडतो, कोणत्या वाटेने परत यावयाचे. आमच्या विदर्भातील माणसाला हा दिवस वाया गेल्यासारखा वाटेल, कारण तो लांबचा प्रवास करून, मोजकी रजा घेऊन आलेला असतो. तरीही तो दिवस द्यावाच. ज्याने तो दिला नाही, त्याला वाटाड्याचा ‘पाठी’ हा शब्द हौसेच्या आड येणारा हुकूम वाटेल आणि तो आणखी एक पाग टाकू पाहील. ज्याने दिला, त्याला त्या शब्दाचे कारण स्वतःच दिसेल आणि तो जाळे गुंडाळून आपण होऊन काठाकडे वळेल.