लायसन्स पहिल्याच दिवशी टाक

पोरी, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं तुझं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. रफार आणि जोडाक्षरं नीट उतरली, फार बरं वाटलं. पण रेपोत लायसन्सची फाईल कुठे आहे? कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, त्यामुळे लिहिल्या क्षणी हक्क तुझे झाले. तू लेखी परवानगी देत नाहीस तोवर सरळमार्गी माणूस त्याला हात लावणार नाही.

त्याआधी नोकरीचा करार काढून वाच. नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनी असते, वेगळं ठरलं नसेल तर. घरी बसून रात्री लिहिलेल्या कोडबद्दलही काही करारांत कलम असतं.

आता खरा प्रश्न. उद्या एखाद्या कंपनीनं तुझा कोड उचलला, सुधारला आणि सोर्स न देता विकला, तर तुला चालेल? चालणार असेल तर एमआयटी घे. पेटंटचीही परवानगी स्पष्ट हवी असेल तर अपाची २.०. चालणार नसेल तर जीपीएल: सुधारलेली प्रत वाटणाऱ्याला तिचा सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो. पण कुणी सुधारलेला कोड आपल्या सर्व्हरवर ठेवून नुसती सेवा दिली, तर प्रत वाटलीच जात नाही आणि जीपीएलची ही अट लागू होत नाही. तुझं काम वेबसाइटवरच जास्त वापरलं जाणार. म्हणून मी तुला एजीपीएल सुचवेन. तिथे अशा वापरकर्त्यांनाही सोर्स मिळायला हवा.

‘कुणी पैसे कमवू नयेत’ अशी अट मात्र घालू नकोस. तसं केलंस तर ते ओपन सोर्स राहत नाही. लिनक्सच्या सुरुवातीच्या लायसन्समध्येही पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२मध्ये टोरवाल्ड्सनं ती सोडून जीपीएल घेतलं. स्वतःच्या मनानं वाक्यंही जोडू नकोस. JSONच्या लायसन्समध्ये ‘चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको’ अशी ओळ आहे. हेतू चांगला, पण तेवढ्या ओळीमुळे डेबियन त्याला मुक्त मानत नाही.

आणि हे सगळं दुसऱ्या कुणाचा पॅच घेण्याआधी कर. प्रत्येकाच्या ओळींवर त्याचा हक्क राहतो. व्हीएलसीच्या मंडळींना गाभ्याचा कोड जीपीएलवरून एलजीपीएलवर न्यायचा होता, तेव्हा जुन्या लोकांना शोधून शोधून संमती मागावी लागली.

सोबत ‘मुक्ता’ फॉन्ट देते आहेस ना? त्याचं ओपन फॉन्ट लायसन्स वेगळं आहे. ती फाईल फॉन्टच्या शेजारीच राहू दे. तुझ्या लायसन्सचा मजकूर मूळ ठिकाणावरून जसाच्या तसा घे. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर लायसन्सचं नाव सांगणारी एसपीडीएक्सची एक ओळ टाक आणि कॉपीराइटच्या ओळीत वर्ष व तुझं पूर्ण नाव लिही. घाईत लोक तिथला नमुन्याचा चौकटी कंस तसाच सोडतात.