आज्ञावलीला बाहेरून आकडे पुरविण्याची रीत

पनवेल तालुक्यातील करंजाडे येथे सिडकोने वसाहत विकसित केल्यापासून शेतजमिनीच्या जागी इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि या परिसराचे महत्त्व आणखी वाढले. अशा गावाच्या पाण्याचा हिशेब करताना पहिला प्रश्न उभा राहतो तो लोकसंख्येचा. २०११ नंतरची जनगणना लांबणीवर पडली. तेव्हाचा आकडा हिशेबाच्या आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवला, तर ती आज्ञावली दरवर्षी बिनचूक चालेल आणि दरवर्षी चुकीचे उत्तर देईल.

बदलणारा आकडा आज्ञावलीच्या पोटात न ठेवता ती चालविताना बाहेरून द्यावा, हा यावरील सरळ उपाय होय. पायथन ही संगणकभाषा गुइडो व्हान रोसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. शिकण्यास सोपी असल्याने ती शाळा-महाविद्यालयांत रूढ झाली आहे. तिच्यात आज्ञेच्या ओळीवर फाइलच्या नावापुढे जी मूल्ये लिहिली जातात, त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. (येथे संगणकाचे शब्द उच्चाराप्रमाणे नागरीत दिले आहेत, भाषेचे मूळ शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकित करावे लागतात.)

समजा, आज्ञा अशी दिली: पायथन पाणी.पीवाय करंजाडे ४२०० ८०००० १५१०००. म्हणजे वस्तीचे नाव, लोकसंख्या, विहिरीचे रोजचे लिटर आणि नळयोजनेचे रोजचे लिटर. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आज्ञावलीच्या आरंभी ‘इम्पोर्ट सिस’ असे लिहिले की ही मूल्ये ‘सिस.आर्गव्ही’ या यादीत क्रमाने मिळतात. यादीची मोजणी शून्यापासून होते व शून्य क्रमांकावर फाइलचेच नाव असते. त्यामुळे गावाचे नाव पहिल्या व लोकसंख्या दुसऱ्या क्रमांकावर सापडते. चार मूल्ये दिली तरी यादीची लांबी पाच भरते, ते याच कारणाने. नवशिक्यांची पहिली गफलत बहुधा इथेच होते.

दुसरी गफलत अधिक घातक आहे. आज्ञेच्या ओळीवरून आलेले प्रत्येक मूल्य संगणकाच्या लेखी अक्षरांची माळ असते, संख्या नव्हे. दोन माळांमध्ये अधिक चिन्ह घातले तर बेरीज न होता त्या एकमेकींना जोडल्या जातात. विहीर व नळयोजना यांचे पाणी २,३१,००० लिटर व्हावयाचे; त्याऐवजी ८००००१५१००० अशी माळ तयार होते. तिचे नंतर संख्येत रूपांतर करून ४२०० ने भागले, तर दरडोई १,९०,४७,६५५ लिटर पाणी मिळत असल्याचे उत्तर येते आणि संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. म्हणून बेरजेपूर्वीच प्रत्येक मूल्य ‘इंट’ या क्रियेतून काढून घ्यावे. मग उत्तर बरोबर ५५ लिटर येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा दरडोई दैनिक निकषही हाच आहे.

एक सोय मराठी वापरणाऱ्यांना विशेष उपयोगी आहे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘इंट’ला देवनागरी अंकही समजतात, ४२०० हा आकडा नागरीत दिला तरी चालतो. मात्र हजाराचा स्वल्पविराम चालत नाही. कार्यालयातील लेखनिकाच्या हाताला ‘४,२००’ असे लिहिण्याची सवय असते. तेव्हा तो स्वल्पविराम काढून टाकण्याची तजवीज आधी करावी. तसेच ‘करंजाडे गावठाण’ असे दोन शब्दांचे नाव अवतरणचिन्हांत लिहावे. अन्यथा ‘गावठाण’ हा शब्द लोकसंख्येच्या जागी जाऊन बसतो.

मूल्य कमी पडले तर आज्ञावली इंग्रजीत त्रुटीचा संदेश दाखवून थांबते. ग्रामसेवकाला त्यातून काही बोध होत नाही. यादीची लांबी सुरुवातीसच तपासून, काय द्यावयाचे राहिले ते मराठीत सांगावे, हे बरे.

याहून चांगली व्यवस्था म्हणजे पायथनसोबतच मिळणारे ‘आर्गपार्स’ हे साधन. त्यात मूल्यांना नावे देता येतात: --लोकसंख्या ४२०० --विहीर ८०००० --नळयोजना १५१०००. मग क्रम मागेपुढे झाला तरी बिघडत नाही. प्रकार ‘इंट’ असा ठरवून दिला की रूपांतर आपोआप होते आणि संख्येच्या जागी शब्द आल्यास तो नाकारला जातो. एखादे मूल्य अनिवार्यही करता येते, किंवा न दिल्यास काय धरावे तेही ठरविता येते. --निकष हे मूल्य न दिल्यास ५५ धरले जाईल. पण भुयारी गटार असलेल्या नागरी वस्तीसाठी १३५ लिटरचा निकष लावावयाचा असेल, तर आज्ञावलीला हात न लावता --निकष १३५ एवढे लिहिले की पुरे. करंजाडेसारख्या, गाव व शहर यांच्या सीमेवरील वस्तीत कोणता निकष लावावा, हा निर्णय माणसाचा आहे. तो आज्ञेच्या ओळीवर उघड लिहिला गेला, तर ग्रामसभेत हिशेब मांडताना उत्तर कोणत्या आकड्यांवरून आले हे कोणालाही वाचून पाहता येते.