शीण वेगळा, झोप वेगळी

घरात कोणी मोठ्या आजारातून उठलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: "पडून राहा, आराम कर." सिल्वासाहून मुंबईला टाटा हॉस्पिटल गाठायचं म्हणजे पहाटे वापी स्टेशन, मग ट्रेन, मग परळची रांग, आणि रात्री तोच प्रवास उलटा. केमो घेऊन परतलेलं माणूस आडवं होणारच. पण काही आठवड्यांनी तेच माणूस सांगू लागतं की दिवसभर अंथरुणातच असतो, तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे चक्रावतात. एवढा आराम करूनही झोप कशी नाही?

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. माझं उत्तर असं की या उपचाराची पहिली पायरी शब्दांची आहे. मराठीत शीण, थकवा, मरगळ, गळून जाणं हे शब्द एका बाजूला आहेत. पेंग, झापड, डुलकी दुसऱ्या बाजूला. पहिले शब्द सांगतात की अंगात बळ नाही. दुसरे सांगतात की डोळे मिटताहेत. इंग्रजीतल्या 'टायर्ड'मध्ये दोन्ही खपून जातं, आणि आपणही हल्ली तेवढ्यावरच भागवतो. कॅन्सरमध्ये येणारा शीण तर आणखी वेगळा: तो केलेल्या कामाच्या मानाने कितीतरी जास्त असतो आणि झोपून उठल्यावरही उतरत नाही. शीण आला म्हणून अंथरुणात शिरलेल्या माणसाला पेंग आलेली असेलच असं नाही. मग तो छताकडे बघत जागा राहतो.

आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली निद्रानाशाची तीन कारणं मांडली. माणसाची मूळ प्रवृत्ती, मग एखादं निमित्त, आणि शेवटी तो टिकवून ठेवणाऱ्या सवयी. ऑपरेशन, केमो, संधिवाताचा झटका ही निमित्तं. ती सरली तरी दुपारची दोन तासांची झोप, संध्याकाळी सातलाच अंथरूण, रात्री दर अर्ध्या तासाने घड्याळ बघणं या सवयी उरतात. हळूहळू अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, हे शरीराच्या अंगवळणी पडतं. प्रेमाने दिलेला "पडून राहा" हा सल्ला नेमका इथे नडतो.

पण अंग ठणकत असेल तर सवयींचं बोलणं नंतरचं. आधी वेदना. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेवरची मार्गदर्शिका काढली, तिच्यात पहिलं उद्दिष्ट रात्रीची वेदनारहित झोप वाढवणं हे होतं. बसल्या जागी आणि चालता-फिरताना होणारी वेदना त्यानंतर. आणि औषध दुखणं असह्य होण्याची वाट न बघता, घड्याळाप्रमाणे द्यायचं. त्याच वर्षी डॉ. लुइस जोस डिसोझा यांनी वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. नावातला 'अवेदना' हा शब्द मला फार आवडतो. 'वेदना' ज्या धातूवरून आला, त्या 'विद्'चा अर्थ जाणणं. दुखणं म्हणजेही एक जाणणंच, फक्त रात्री दोन वाजता ते नको असतं. ईयोबाच्या सातव्या अध्यायातली लांबलेल्या रात्रीची तक्रार आपण मिस्सामध्ये ऐकतो, त्याच्या श्रद्धेवर प्रवचन ऐकतो, पण त्याचं अंग दुखत होतं हे विसरून जातो.

मॉर्फिन मात्र आपल्याकडे सहज मिळत नव्हतं. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं जंजाळ इतकं वाढवलं की ते दवाखान्यांतून जवळजवळ गायबच झालं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली.

वेदना सांगतानाही शब्द नेमका हवा. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या: प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं. आग आणि मुंग्या असतील तर दुखणं नसांचं असण्याची शक्यता असते, आणि त्यावरची औषधं निराळी. आपल्या भागात आदिवासी कुटुंबांमध्ये सिकल सेल आहे, त्यात हाडं रात्र-रात्र दुखतात. तिथे "अंग दुखतंय" एवढंच सांगणं पुरत नाही.

वेदना आटोक्यात आली, रक्त आणि थायरॉईड तपासून झालं, तरी झोप नाही, तर काय? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, वर्तनोपचार (सीबीटी-आय). कॅनडात जोझे सावार यांनी स्तनांच्या कॅन्सरमधून गेलेल्या ५७ स्त्रियांवर तो करून पाहिला. २००५ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात झोप सुधारली. जुनाट दुखण्यातही झोप सुधारते, पण दुखणं त्या मानाने कमीच हटतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

यातला एक नियम रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ चा: पेंग आली तरच अंथरुणावर जायचं, आणि साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठायचं. अशक्त रुग्णाने अंधारात धडपडत उठू नये. त्याने उशीला टेकून बसलं, मंद दिवा लावला तरी चालतं. दुसरा नियम हिशेबाचा. समजा, कोणी दहा तास अंथरुणात असतो आणि सहा तास झोपतो, म्हणजे साठ टक्के. मग काही दिवस अंथरूण सहा तासच: रात्री अकरा ते पहाटे पाच. पंच्याऐंशी टक्के जमलं की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांखाली कधीच जायचं नाही. हा भाग सुरुवातीला त्रासाचा असतो, दिवसा झापड येते. त्यामुळे गाडी चालवणारे आणि इथल्या कारखान्यांत मशीनवर पाळी करणारे यांनी तो स्वतःच्या मनाने करू नये. फिट्स येणाऱ्यांनी तर नाहीच. केमो चालू असेल तर डॉक्टर हा नियम सैल करतात, दुपारी अर्ध्या तासाची डुलकीही चालवून घेतात.

दिवसा हालचाल हवी. विचित्र वाटेल, पण कॅन्सरच्या शिणावर हलका व्यायाम हा चांगला उपाय ठरला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत ४१० जणांवर झालेल्या अभ्यासात चार आठवड्यांच्या सौम्य योगासनांनी झोप सुधारली. अंगणात दहा मिनिटं चालणं ही सुरुवात पुरे.

गोळ्यांबद्दल थोडंच. मॉर्फिन चालू असताना शेजाऱ्याने दिलेली अल्प्राझोलामची गोळी घेणं धोक्याचं, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. केमोबरोबरचं डेक्सामेथासोन झोप उडवतं, ते सकाळी घेता येईल का हे विचारावं.

हा उपचार शिकवणारे मानसतज्ज्ञ सगळीकडे नसतात. पण वही कुठेही मिळते. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं: किती वाजता आडवे झालो, तेव्हा शीण होता की पेंग, अंदाजे किती वेळाने झोप लागली, किती वेळा जाग आली आणि ती कशाने (ठणका, लघवी, घाम, काळजी), दुपारी किती झोपलो, कुठलं औषध कधी घेतलं. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, सकाळचा अंदाज पुरतो. लिहिता न येणाऱ्या आजीसाठी हे काम नातवंडांचं. पुढच्या ओपीडीला फायलीबरोबर ती वहीही न्यायची, आणि "झोप येत नाही" एवढंच सांगण्याआधी ती डॉक्टरांपुढे ठेवायची.